कललेल्या खिळ्यांचे मामा

कुणाच्याही घरी गेले की मामा आधी औषधांच्या बाटल्या शोधायचे. फडताळातली एकेक बाटली काढून, फिरवून, सगळ्यांत बारीक अक्षरांतली ओळ मोठ्यानं वाचायचे. कॉफी समोर येऊन निवायची. नवखे लोक बावचळायचे. आम्ही घरचे खाली बघायचो.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कुंभकोणमला त्यांचा लहानसा छापखाना होता. आमचं घराणं मराठ्यांच्या काळात इकडे आलेलं. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मामांची तिसरी भाषा छपाईसाठी जुळवायच्या शिशाच्या खिळ्यांची. त्यांच्याकडे इंग्रजी अक्षरांची एक पेटी होती. अक्षरं जाड, उजवीकडे कललेली, टोकांना बारीक पाय फुटलेली. त्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

ते म्हणायचे, "जाड अक्षर हाक मारतं. कललेलं कानांत सांगतं. हे दोन्ही करतं, म्हणून एका कागदावर एकदाच." लग्नपत्रिकेत ते खिळे फक्त वधूवरांच्या नावांना. आईबापांची नावं, मुहूर्त, पत्ता, सगळं उभ्या साध्या अक्षरांत. इन्नंबूरसारख्या आसपासच्या गावांतूनही लोक त्यांच्याकडे पत्रिका छापायला यायचे. कुणी सगळीच पत्रिका त्या अक्षरांत मागितली, तर मामा शांतपणे सांगायचे की सगळेच हात धरून बोलायला लागले तर ऐकणार कोण.

मी नववीत असताना एक तेलवाला आला. गुडघ्यांना चोळायच्या तेलाच्या बाटलीवरची चिठ्ठी छापायची होती, नुसती इंग्रजीत. इंग्रजीनं माल भारी दिसतो असं त्याचं म्हणणं. मामांनी सुचवलं की 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' ही ओळ कललेल्या खिळ्यांत घेऊ. तो म्हणाला, छे, तेलाचं नाव घ्या. मामांनी नाव घेतलं. दोन्ही ओळी त्या अक्षरांत घेता आल्या असत्या, पण नियम एकदाच्या वापराचा. सूचनेची ओळ तळाशी गेली, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आमच्याच गल्लीत रुक्माअक्का राहायच्या. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात त्यांनी अभंग उचलला की बाहेर चपला काढणारे लोक तसेच थांबायचे. त्यांना खोकला झाला होता. घरात ती बाटली होती. तिच्यावरची सुरेख अक्षरं बघून आणि आतला वास घेऊन त्यांना ते खोकल्याचंच औषध वाटलं. त्या दोन चमचे प्याल्या. घसा भाजला. आठवडाभर इस्पितळात होत्या. जीव वाचला, पण गाणं गेलं. पुढे बोलायच्या तेही वाळूवर पाय घासल्यासारखं.

मामांना कुणी दोष दिला नाही. ते मात्र ती बाटली मागून घेऊन आले आणि दिवसभर तिच्यासमोर बसून राहिले. त्या दिवसापासून ते रुक्माअक्कांच्या दारावरून गेले नाहीत. छापखान्यात जायला मागच्या गल्लीनं वळसा घालायचे. आणि त्या खिळ्यांत त्यांनी पुन्हा कुणाचं नाव जुळवलं नाही. औषध, रंग, उंदरांचं विष, विजेचा खांब. जिथे धोका, तिथेच ते अक्षर. लग्नवाले एकेक करून दुसरीकडे गेले.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी हट्ट धरला. माझं नाव त्याच खिळ्यांत हवं होतं. लहानपणापासून तेवढंच मागायचं मनात होतं. मामा म्हणाले, "तुझं नाव कुणी वाचलं नाही, तर कुणाचं काय जळतं?"

मी रडले, रागावले आणि चेन्नईत संगणकावर पत्रिका करून घेतली. मांडवात त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली. माझ्या नावावर अंगठा फिरवून म्हणाले, "हे कललेलं नाही ग, ढकललेलं आहे. उभं अक्षर धरून वाकवलंय. खऱ्या कललेल्या खिळ्यांतला छोटा इंग्रजी 'ए' घडणीतच निराळा असतो." मग पत्रिका घडी घालून खिशात ठेवली आणि जेवायला गेले. तेव्हा मला ते कठोर वाटले. आज मी मालाच्या वेष्टनांवरची अक्षरं मांडायचीच कामं करते. सूचनेची ओळ कुणी तळाशी ढकलली की माझा आवाज चढतो, आणि नवखे लोक मामांकडे बघायचे तसेच बैठकीतले लोक माझ्याकडे बघतात.

मामा गेल्या साली गेले. तेराव्याला रुक्माअक्का आल्या. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, मामा त्यांच्याशी बोलायचे का थांबले. मी त्यांना चिठ्ठीचं सांगितलं. सूचना बारीक छापली गेली, ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही, असं म्हटलं.

अक्कांनी मान हलवली.

"मज इंग्लीश कुठं वाचाया येतं? केवढं मोठं घातलं असतं, तरी मी प्यालीच असती."

त्या इंग्रजी शिकलेल्या नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत ते मामांसमोर कुणी बोललं नव्हतं. मी विचारलं, तुम्ही एकदा तरी येऊन त्यांना का नाही सांगितलं?

अक्कांनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

"त्यांस माझा हा आवाज ऐकवत नाही, असं वाटलं मज. म्हणून मीच समोर आले नाही."