वीतभर डावीकडे

आधी माफी मागतो. असं काही लिहिण्याची माझी पात्रता नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी फॉर्म भरण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि मीही लॅबच्या जर्नलपुरताच लिहितो — उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. तरी लिहायला बसलोय. कारण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांना नाही, आईला नाही, रोज जुईनगर स्टेशनपासून ज्याच्यासोबत कॉलेजला चालत जातो त्या मित्रालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील एमआयडीसीत एका कंपनीत हेल्पर आहेत. आमच्या खोलीपासून गावाच्या वाडीपर्यंत, सगळ्या नात्यात, डिग्री कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे गावी गेलो की मला नावाने कुणी हाक मारत नाही. ‘इंजिनेर’ म्हणतात. अजून झालेलो नाही असं मी सुरुवातीला सांगायचो. मग सांगणं सोडून दिलं. खरं सांगू — ऐकायला बरं वाटायचं.

वडिलांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, गावीच असतात. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे. म्हणजे होती. शेतीच्या राखणीचा परवाना आजोबांच्या नावावर होता, तो पुढे तात्यांच्या नावावर झाला. कोकणात अशा बंदुका बऱ्याच घरांत आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, मग गजाने ठासायचं. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पलीकडच्या डोंगरावर. म्हणून पहिलाच बार लागावा लागतो. आणि त्या वर्षी तात्यांचे बार लागत नव्हते. रानडुकरांनी एका आठवड्यात अर्धी नाचणी लोळवली होती. काकी बांधावर बसून नुसती बघत होती.

मी दिवाळीला गेलो तेव्हा ते पाहिलं. तात्या दारू तळहातावर घेऊन मापायचे. मी त्यांना दहा वेळा तळहात भरायला लावला आणि प्रत्येक वेळची दारू औषधाच्या एका बाटलीत ओतून खूण केली. दहा खुणा, दहा जागी. तात्या हसले. “हात काय काटा हाय व्हय?”

नवी मुंबईला परत आल्यावर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर पितळेचं एक माप बनवलं. सरांनी विचारलं तर शोपीस आहे म्हणालो. मे महिन्यात ते घेऊन गेलो. मापाने दारू भरली, गोळीभोवती एकाच जाडीची चिंधी गुंडाळली, बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवली आणि चाळीस पावलांवर खूण केलेला कागद लावून तात्यांना नेम थेट खुणेवर धरून पाच बार टाकायला सांगितलं. पाचही भोकं एका भाकरीत मावली! अख्खी वाडी बघायला आली होती. तात्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि चार दिवस भेटेल त्याला उलगडून दाखवला.

फक्त ती भाकरी खुणेच्या वीतभर उजवीकडे होती.

याचं कारण मला लगेच दिसलं. नळीच्या टोकावर नेम धरायची जी माशी असते, ती मधोमध नव्हती. आजोबांच्या काळी कधीतरी निसटली असेल, कुणीतरी कथलाचा डाग देऊन परत बसवली असेल, जरा डावीकडे. मी तात्यांना म्हणालो, ही सरळ करून देतो. तात्या एकदम गंभीर झाले. “तिला हात लावू नको. आमचा बाबा वीतभर डावीकडं धरायचा, मी पन तसाच धरतो. बंदुकीचा सोभाव हाय तो. सगळ्या वाडीला ठावं हाय.”

शेजारचे भिवाकाका तिथेच बसले होते. ते चिऱ्याच्या खाणीवर काम करायचे आणि राखणीला कायम तात्यांच्या जोडीला असायचे. ते म्हणाले, “इंजिनेर, आधी तात्याची मान सरळ कर. ती पन उजवीकडंच कलते!” सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसणं मला लागलं. भाकरीएवढ्या जागेत पाच गोळ्या आणून दाखवल्या आणि तरी मी यांच्यासाठी पुस्तकवालाच? आज हे लिहिताना किती क्षुल्लक वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी तात्या शेतावर गेले होते, काकी विहिरीवर. मी बंदूक खाली काढली. रिकामी आहे ना, एवढं पाहिलं. चुलीत सळई लाल केली, जुना डाग वितळवला, माशी मधोमध आणली — दोऱ्याने मोजून, अगदी मधोमध — आणि परत बसवली. नवीन डाग चमकत होता. मी चुलीवरच्या तव्याची काजळी बोटाने घेऊन त्यावर फासली. हे मुद्दाम लिहितोय. विसरलो होतो, घाईत होतो, असं मला कधीच म्हणता येऊ नये म्हणून. मी लपवलं होतं.

पुढे काय होईल असं मला वाटलं होतं? हेच की तात्यांचा पहिला बार चुकेल, ते माशी पाहतील, मला फोन करतील, मग मी ऐटीत सांगेन, आता सरळ धरा. चुकलेला बार कुठे जाईल, याचा विचार मी केला नाही. इंजिनिअरिंगच्या मुलाने.

आणि एक गोष्ट मला ठाऊक होती, तीही मनात आली नाही. ती बंदूक उजवीकडे ओढते म्हणून वाडीतली माणसं तिच्या डाव्या बाजूला बिनधास्त असायची. डुक्कर हाकायचं ते डावीकडूनच, हा आजोबांपासूनचा रिवाज होता. उजव्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. भिवाकाका तर डब्यावर काठी बडवत डावीकडच्या बांधावरून इतके पुढे यायचे की तात्या शिव्या घालायचे. ते म्हणायचे, “तुझी गोळी वाट चुकली तरी माझ्याकडं यायची नाय.”

एसटीच्या थांब्यावर तात्या मला सोडायला आले होते. कंडक्टरला सांगत होते, “पुतन्या हाय माजा, इंजिनेर.” तेव्हा सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.

मग दर रविवारी फोन व्हायचा. मध्ये निवडणूक आली आणि परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. मला उगाच सुटल्यासारखं वाटलं, घाई नाही आता. पावसाळा संपत आला तेव्हा बंदूक परत मिळाल्याचं तात्यांनी स्वतः सांगितलं. मी म्हणालो, बरं झालं. एवढंच. एका वाक्याचं काम होतं — तात्या, माशी सरळ केलीय, आता सरळ धरा. ते वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेन?

ते एका सकाळी घडलं, नुकतं उजाडल्यावर. नाचणीत डुक्कर आलं होतं. तात्यांनी नेहमीसारखं वीतभर डावीकडे धरलं. गोळी डुकराच्या डावीकडून गेली आणि त्या बाजूच्या बांधावर भिवाकाकांच्या गुडघ्यात घुसली. जिल्ह्याच्या दवाखान्यात पाय मांडीपासून कापावा लागला.

वडिलांना फोन आला तेव्हा मी खोलीतच होतो. त्यांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, “तू त्या बंदुकीला काय केलं होतंस का रे?”

मी म्हणालो, “फक्त दारूचं माप दिलं होतं, पप्पा.”

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. “तेच म्हनलं,” म्हणाले आणि शर्ट घालून गावी निघाले.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतोय.

चार दिवसांनी तात्या जामिनावर सुटले. त्यांनी मला फोन केला. वडिलांना नाही, मला. त्यांचा आवाज फार हळू येत होता. म्हणाले, “पोरा, तू शिकलेला हाईस, तूच सांग. मी वीतभर डावीकडंच धरली व्हती. हात हलला नाय माजा. मग गोळी तिकडं गेली कशी?”

ते मला विचारत होते. ज्याने हे केलं, त्यालाच. दार उघडं होतं, मी फक्त आत जायचं होतं.

मी म्हणालो, “तात्या, वय झालं की हात हलतो. आपल्याला कळत नाही.”

ते म्हणाले, “आसंल. तू म्हनतोस तर आसंल.”

माझी भीती काय होती, ती यादी मी स्वतःला अनेकदा वाचून दाखवली आहे. बंदुकीत फेरफार केला म्हणून पोलीस, मग कॉलेज, मग प्लेसमेंट, मग वडिलांचा चेहरा. ती सगळी नंतरची. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं की त्यांच्या लेखी मी चुकलेला नसावा. त्यासाठी मी एका माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास काढून घेतला. काकी सांगते, तात्या आता कोयतीसुद्धा घेत नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसतात.

विहारात रविवारी पंचशील घेताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज खाली जातो. आई म्हणते, मोठ्याने म्हण, लाजतोस काय.

भिवाकाकांच्या मुलाने पहिल्या दिवसापासून म्हटलं की हे मुद्दाम झालंय. पाटाच्या पाण्यावरून दोन्ही घरांत पूर्वी भांडण झालं होतं, ते त्याने उकरून काढलं. पण भिवाकाका ऐकत नव्हते. पाय गेल्यावरही खाटेवरून सांगायचे, “बंदुकीनं दगा दिला. तात्या तसला नाय.” पोलिसांतही त्यांनी तसाच जबाब दिला होता. तात्यांनी माझ्याशी बोलल्यावर हात हलल्याचं सांगितलं आणि सोबत एवढंच की बंदूक मुळात उजवीकडे ओढते, म्हणून आपण डावीकडे धरतो, वाडीत कुणालाही विचारा. पोलिसांनी बंदूक तपासायला पाठवली.

काल संध्याकाळी वडील कंपनीतून आले आणि बूट न काढता दारातच बसले. गावाहून फोन आला होता. तपासणीचा अहवाल आलाय. बंदूक निर्दोष आहे. माशी बरोबर मध्यावर आहे. ती उजवीकडे ओढत नाही, डावीकडेही नाही. जिथे रोखावी तिथेच गोळी जाते.

अहवाल कुणीतरी भिवाकाकांना वाचून दाखवला. त्यांनी मुलाला रिक्षा आणायला सांगितली, कुबडी घेतली, आणि ठाण्यात जाऊन आपला जबाब बदलून आले.