आमच्याच विहिरीचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मंदाला — तर नाहीच.

वसईच्या होळी बाजारात माझ्याबद्दल कुणालाही विचारा. माझा तराजू कुणी दुसऱ्यांदा तपासत नाही. डझनात एक केळं डागाळलेलं निघालं, तर गिऱ्हाइकाने बोलायच्या आत मी ते बदलून देतो. याचा मला गर्व आहे. तो मी लपवत नाही. मग ज्याचं एक केळं चुकत नाही, त्या माणसाने —

थांबा. क्रमाने सांगतो.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मंदा मला एका लग्नात दिसली, आणि त्यानंतर दुसरी मुलगी बघायलाही मी तयार नव्हतो. तिचं गाव मिठागरांच्या कडेला. लहानपणापासून तिने लांबून हंडे वाहिलेले. तिची अट एकच — सासरच्या विहिरीला गोड पाणी हवं. आणि आमची विहीर? आदल्याच उन्हाळ्यात खारट झालेली. घराबाहेर ते फक्त वाडीपलीकडच्या काकांना ठाऊक होतं. त्यांना मी गप्प राहायला लावलं.

तिचे वडील घर बघायला आले, तीही हट्टाने बरोबर आली. काकांच्या विहिरीचं पाणी आणून मी आमचा हंडा आधीच भरून ठेवला होता. ती तांब्याभर प्यायली.

"तुमच्याच विहिरीचं पानी?"

"आमच्याच."

"मग नवरा कसाबी असला तरी चालंल!"

सगळे हसले. मीही हसलो — कसा हसू शकलो?

लग्नानंतर तिने विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना? मी म्हणालो, "कालपरवापर्यंत गोड होतं." लगेच आई म्हणाली, "तुझं पाऊल पडलं नि बिघडलं गो!"

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. मी गप्प राहिलो.

पंधरा वर्षं मंदाने काकांच्या विहिरीवरून पाणी आणलं. कुरकूर नाही, टोमणा नाही. खाऱ्या पाण्यावर तिने नारळ असे जगवले की आमच्या आळीत तसे कुणाचे नाहीत. चारचौघांत मी सांगायचो — बायको असावी तर अशी! आजही सांगताना माझी छाती फुगते. ती एवढं मुकाट्याने का सोसते, हे मात्र मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती का? असेल.

आता आई नाही. गेल्या महिन्यात दाराशी नळ आला. मंदाने नळाला हळदकुंकू वाहिलं, पहिला तांब्या माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "अहो, गोड पानी आलं. माझ्या पावलाचा दोष फिटला बघा."

पंधरा वर्षं ती माझं खोटं फेडत होती.

मी तांब्या रिकामा केला. म्हणालो, "गोड आहे."

एवढंच म्हणालो.