खलात घोटलेला महिना

साठच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात मी संशोधनाला राहिलो आणि एका रेघेनं मला महिनाभर रडवलं. यंत्र आम्हीच जुळवलेलं: जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यात पदार्थाची काचनळी. रेडिओचं स्टेशन लावतात तसं बटण हळूहळू फिरवायचं. पदार्थातल्या क्लोरिनला त्याची नेमकी लहर मिळाली, की पडद्यावरच्या सरळ रेघेला टोक यायचं. त्यावरून आतले अणू कसे बसलेत ते कळायचं. माझी रेघ मात्र सपाट, आमच्या माण तालुक्यातल्या माळासारखी.

सरांनी मुदत घातली होती. शनिवारपर्यंत टोक दिसलं नाही, तर मी वडूजच्या शाळेत मास्तरकी धरायची. मास्तरकी काही वाईट नव्हती, पण मला ती नको होती.

मग काय, पेटलो हट्टाला. पदार्थ पांढरा, खडेखडे, कपड्यांत ठेवायच्या गोळ्यांच्या वासाचा. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. कष्टाला फळ असतं, हे तिचं ठरलेलं बोलणं. म्हणून मी ते खडे खलात तास-तासभर घोटायचो, पार मैदा होईपर्यंत. रेघ हलली नाही की पुन्हा घोटायचो. हाताला फोड आले, आणि त्याचाही मला अभिमान!

परीक्षांच्या कामात अडकलेले सर शुक्रवारी आले. नळी उजेडात धरली आणि मटकन स्टुलावर बसले.

"अरे, घोटायला कुणी सांगितलं तुला? खड्यात अणू रांगेनं बसलेले असतात. तू कुटून कुटून ती रांगच मोडलीस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सरांनी तीच पूड नळीत वितळवली, नळी कढत पाण्याच्या तांब्यात उभी केली आणि तांब्याला गोणपाट गुंडाळलं. सावकाश निवू दे, उद्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणाले. ते मला घोटण्यापेक्षा जड गेलं.

शनिवारी सकाळी बटण फिरवलं आणि टोक आलं. मी रडलो, लपवायचं कशाला?

आईला कार्ड टाकलं, काम झालं, इथंच राहतो. तिनं ते पोस्टमनकडून वाचून घेतलं. सुट्टीत घरी गेलो, तर तिनं आधी माझे हात उलटे करून तळव्यांवरचे घट्टे चाचपले.

"बघ," ती म्हणाली, "कष्टाला फळ हाय, म्या म्हणलं न्हवतं?"

माझ्या ओठांवर खरं आलं होतं. तिचे हात बघितले आणि म्हणालो, "व्हय, आई."