राखेतला पिस्टन

अण्णा गेल्याचा निरोप घेऊन माणूस दारात आला, तेव्हा माझी अर्धी दाढी व्हायची होती. तसाच अंबरनाथला पोहोचलो. वहिनींनी त्याही अवस्थेत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भावोजी, तोंड धुऊन या. हे हसले असते तुम्हाला." ...हसलेच असते.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. नोकरी कारखान्यात, जीव मात्र खेळातल्या विमानांच्या मुठीएवढ्या इंजिनांत. मला यातलं गोष्टी सांगण्यापुरतंच कळतं, तेवढं सांगतो. या इंजिनांच्या पिस्टनला रिंगा नसतात. पिस्टन सिलिंडरमध्ये इतका नेमका बसतो की मधून हवासुद्धा निसटू नये. तो झिजला की कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, जातं. मग पंखा कितीही फिरवा, इंजिन बोलत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्पातले कापडवाले लछमनदास, त्यांच्याकडे असंच एक मुकं इंजिन होतं. त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाचं. कराचीहून येताना मोज्यात गुंडाळून आणलेलं. अण्णा म्हणाले, नवा पिस्टन घडवून देतो. लछमनदास मान हलवत राहिले. "नहीं साईं, नया डालेगा तो उसमें भाई का क्या रहेगा? यही चलना मांगता."

"मग हाच चालेल," अण्णा म्हणाले. बिडाचा पिस्टन लाल होईतो तापवून राखेत सावकाश निवू दिला, की केसाहून कमी का होईना, पण फुगतो, तेवढं पुरतं. जास्त तापला तर वाकडा होतो, आणि मग भावाचं काहीच उरत नाही. शनिवारी स्वयंपाक उरकल्यावर पिस्टन वहिनींच्या शेगडीत गेला. "उद्या पोळ्यांना विमानाचा वास आला तर मला बोलायचं नाही," वहिनींनी आधीच बजावलं.

अण्णांना रोज सकाळी शेगडीतली राख दुधीच्या वेलावर भुरभुरवायची सवय. कीड लागत नाही म्हणे. त्या रविवारीही त्यांनी नेमाने ती टाकली, आणि रिकामी शेगडी हातात धरून एकदम थांबले. मग अण्णा, वहिनी आणि त्यांच्याकडे मुक्कामाला आलेला मी, असे तिघं वेलाखाली रांगू लागलो. मी शोधलं काहीच नाही, दोन कोवळे दुधी तेवढे गुडघ्याखाली चिरडले. तेवढ्यात फाटकाशी लछमनदास.

"क्या ढूँढते हो साईं?"

अण्णांनी सरळ सांगितलं, "तुम्हारे भाई का पिस्टन. मैंने ही फेंका."

आता रडारड होणार असं मला वाटलं. लछमनदासांनी पायजमा वर खोचला आणि तेही मातीत बसले. अण्णा घरातून लोहचुंबक घेऊन आले. "लोखंड आहे, बोलावलं की येईल," म्हणाले आणि चुंबक राखेतून फिरवत राहिले. आधी गंजके खिळे आले, मग वहिनींची हरवलेली सेफ्टीपिन... आणि मग तो आला.

तो सिलिंडरमध्ये शिरेना, तेव्हा माझा चेहरा पडला आणि अण्णांचा खुलला. शिरत नाही म्हणजे फुगला. मग दिवसभर पितळ घासायचं पॉलिश लावून ते पिस्टन हातानेच सिलिंडरमध्ये फिरवत बसले. पुसायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा फिरवायचं. तिन्हीसांजेला रॉकेल, एरंडेल आणि ईथर एकत्र करून भरलं. पंख्याने अण्णांच्या बोटाला एक सणसणीत फटका दिला, आणि पुढच्याच झटक्याला इंजिन कडाडलं.

लछमनदास ऐकत उभे होते. "भाई थोड़ा और कसता था," असं म्हणून पुढे झाले आणि वरचा स्क्रू किंचित फिरवला. आवाज चढला, स्वच्छ झाला. अण्णा बाजूला सरकले.

परवा लछमनदास वहिनींना भेटायला आले. अण्णांच्या खोलीतल्या खिडकीच्या फळीवर काम पकडून ठेवायचा त्यांचा लोखंडी व्हाइस अजून घट्ट बसवलेला आहे. त्याच्यामुळे पडदा पुरता सरकत नाही, आणि वहिनी तो काढू देत नाहीत. त्याच्याकडे बघत लछमनदासांनी खिशातून इंजिन काढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "भाभी, घर में दुख है... एक बार चलाऊँ?"

"चालवा," वहिनी म्हणाल्या. "शेजारी सांगून ठेवलंय मी."