दुधी काच

त्याने मला साप विकला आणि फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला उगाच त्याचा पुळका यायला नको.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. काही बोलायच्या आधी चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा. तोवर समोरच्याचा अर्धा राग ओसरलेला. माझा ओसरत नाही. फुटपाथवर नळाचे वायसर विकता विकता मी घाटकोपरला बाथरूम फिटिंगचं दुकान उभं केलंय. आमच्या दुकानातला फिश टँक साफ करायला तो दर मंगळवारी यायचा.

समोरच्या टाइल्सवाल्याने दारात कारंजं बसवलं आणि मला आमचे मासे फिके वाटायला लागले. "गिऱ्हाईक दारातच थांबलं पाहिजे असं काहीतरी आण," मी त्याला म्हटलं. त्याच्या घरी कॉर्न स्नेक होते. परदेशी जात, बिनविषारी, कागदपत्रं चोख. त्याने एक पिल्लू आणून दाखवलं. पेन्सिलीएवढं, केशरी. मी लगेच तोंड वाकडं केलं. माल आवडला की मी तेच करतो.

"शेठ, याच्यासोबत लपायला दोन डबे येतात. एक उबेच्या बाजूला, एक गारव्याच्या."

"रिकामे डबे? ते काढ आणि भाव कमी कर."

"त्याला लागतात, शेठ."

"मला साप हवाय. डबे तुला राहू देत."

त्याने चष्मा पुसला आणि भाव कमी केला. फसवणूक झाली ती इथे. एवढी गरजेची वस्तू होती, तर सोडली कशाला? भांडायला तोंड नव्हतं?

पेटी मी माझ्याच मालातून बनवून घेतली. शॉवरच्या पार्टिशनची काच, चारी बाजूंनी आरपार, वर दिवा, काउंटरच्या मधोमध. पिल्लू जे पाण्याच्या वाटीखाली घुसलं, ते तिथेच. कोणी काचेवर टकटक केली की शेपटीचं टोक तेवढं थरथरायचं. तीन आठवडे त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. हडकायला लागलं. गिऱ्हाईकं वाकून वाकून बघत आणि विचारत, "यात काय ठेवलंय, भाऊ?" टाइल्सवाला तर मुद्दाम रस्ता ओलांडून आला. "काय रे, वाटी किती इंच वाढली?"

मंगळवारी हा आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. मी सगळ्यांसमोर सुरू झालो. "आजारी माल गळ्यात मारलास. मरतंय ते!"

चष्मा निघाला, पुसला गेला. "आजारी नाही, शेठ. लहान आहे. उघड्यावर दिसलेलं पिल्लू कोणीतरी उचलतंच. म्हणून लपतं ते."

"मग मी काय बघू? वाटी?"

तो भिंतीवरच्या नमुन्यांकडे बघत होता. "शेठ, ही दुधी काच साध्या काचेपेक्षा महाग का?"

"आंघोळ करताना कोणी बघायला नको म्हणून," मी धंद्याच्या ओघात बोलून गेलो. सगळं दुकान हसलं.

माझं डोकं फिरलं. हातातला कॅटलॉग आपटला. "चोर आहेस तू! पुन्हा इथे पाय ठेवू नकोस!"

तो गेला नाही. आधी मासे उरकले. मग पेटीच्या तीन बाजूंना खाकी कागद चिकटवला, भंगारातले पाइपचे दोन तुकडे धुऊन आत दोन टोकांना ठेवले, दिवा बंद केला. जाताना म्हणाला, "आठवडाभर हात लावू नका, शेठ. जवळ बसा, पण बघू नका. पेपर वाचा. आणि बाहेर आलं की मला सांगा. मला बघायचंय."

आठवडा मी पेपर वाचला. पुढच्या आठवड्यात त्याच्या खाण्यासाठी बर्फात ठेवलेलं उंदराचं मेलेलं पिल्लू कोमट करून पाइपच्या तोंडाशी ठेवलं आणि पाठ करून बसलो. वळून बघतो तो तिथे काही नव्हतं. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची विसरलो.

आता खाकी कागदाच्या जागी दुधी काच आहे, दुकानातली सगळ्यात चांगली. सकाळी गर्दी व्हायच्या आत पिल्लू पाइपातून डोकं काढतं, जीभ आत-बाहेर करतं, पेटीभर फिरतं. गिऱ्हाईक आलं की आत.

हे सांगायला मी त्याला फोन केले. उचलत नाही. टाइल्सवाल्याच्या वर डेंटिस्ट आहे, त्याचे मासे धुवायला तो दर मंगळवारी येतो. मी दिसलो की टेंपोच्या आडून जिन्यात शिरतो. एकदा मी रस्त्यापलीकडून ओरडलो, "अरे ए, थांब!" तो दुपारपर्यंत खाली उतरला नाही. टाइल्सवाला म्हणाला, "बोलावतोयस की मारायला निघालायस?"

पाय ठेवू नकोस असं मी म्हटलं असेन. रागात म्हटलेलं कोणी इतकं तंतोतंत पाळतं?

हल्ली मंगळवारी मी दारात दोन स्टुलं टाकतो. एकावर बसतो, रस्त्याकडे पाठ करून, पेपर उघडून. वळून बघत नाही.

बाहेर आलं की सांगा, हा त्याचाच शब्द होता. भरल्या दुकानात दिलेला. पिल्लू बाहेर आलंय आणि हा जिन्यात लपतोय. याचा जाब त्याने द्यायलाच हवा. तुम्हाला कुठे दिसला तर विचारा त्याला.

पण हळू आवाजात विचारा.