फुग्यांच्या दुकानातली बंदूक

चंद्रपुरात आम्हा दोघांना लोक बंदूकवाले म्हणतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. बंदूकवाले म्हटलं की माणूस शिकारी वाटतो. आम्ही आयुष्यात एक चिमणी मारलेली नाही. आमच्याकडे आहेत त्या छर्‍याच्या जुन्या एअरगन, कुणाच्या माळ्यावर नाहीतर भंगारात गंजत पडलेल्या. त्या आणायच्या, उघडायच्या, साफ करून चालत्या करायच्या आणि भिंतीला टेकवून बघत बसायचं. एकदा जंगलाजवळच्या मोहर्लीहून अशीच एक मोटरसायकलला बांधून आणत होतो, तर वनरक्षकानं अडवलं आणि दीड तास बसवून ठेवलं. शेवटी त्याचीच खात्री पटली की या दोन म्हातार्‍यांकडून वाघाला काही धोका नाही. माझी बायको म्हणते, एवढी निगा माझ्या गुडघ्यांची राखली असती तर. तिचं चुकत नाही.

मी पोस्टातून रिटायर झालेला. माझा जोडीदार घुग्घुसला कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता, म्हणून मी त्याला फिटरभाऊ म्हणतो. आमची ओळख झाली भंगारवाल्याच्या दारात, एकाच बंदुकीवरून भांडताना. ती त्यानं नेली. आठ दिवसांनी मला घरी बोलावून तिचं लख्ख झालेलं रूप दाखवलं आणि तेव्हापासून मी त्याच्याकडे रोज जाऊ लागलो. लोखंड त्याचं, लाकूड माझं, अशी वाटणी आपोआप झाली. बंदुकीचा लाकडी दस्ता घासून त्यात जवसाचं तेल बोटानं जिरवायचं, आज एक हात, उद्या एक हात, एवढं मला जमतं. एरवी मी तापट माणूस आहे, पण लाकडापुढे गप्प बसतो.

आमचा नियम एकच, बंदूक कंपनीतून निघाली तेव्हा होती तशी झाली पाहिजे. कुणी मधे काही कापलं, ठोकलं, जोडलं असेल तर ते काढून टाकायचं. या नियमाचा आम्हाला भारी अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी पौषात चामोर्शीकडची एक बाई एसटीनं आमच्याकडे आली. पन्नाशी ओलांडलेली, काटक, हातात पोत्यात गुंडाळलेली बंदूक. तिचा नवरा मार्कंड्याच्या जत्रेत फुगे फोडायचं दुकान लावायचा. पाटीवर फुगे टाचायचे, गिर्‍हाइकाच्या हातात बंदूक द्यायची, नेम लागला की फुगा फुटला.

"आमचे मालक आषाढात गेले," ती म्हणाली. "बंदूक तवापासून पडून हाय, आता छर्राच सोडत नाई. महाशिवरात्रीले दुकान लावाचं हाय मले. एक साल जागा रिकामी राह्यली का दुसरा बसते तिथी."

"आता दुकान कोण चालवणार?" मी विचारलं.

"मीच. पयलेपासून मीच भरून देत होती बंदूक. ते फुगे फुगवत."

हे तिनं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही दोघांनी ते ऐकलं, मान डोलावली आणि बंदुकीकडे बघत राहिलो.

बंदूक उघडली तर आत चामड्याचं वॉशर वाळून खडखडीत झालेलं. ते कुणी तेल दिलं नाही म्हणून. पण स्प्रिंग पाहून फिटरभाऊ हसायलाच लागला. चांगले सहा-सात वेढे कुणीतरी कापून टाकले होते. "कोण्या खाटकाचं काम हाय हे," तो म्हणाला. मीही हसलो आणि वर दोन शब्द जोडले, ते इथे लिहीत नाही. अशा बंदुकीची नळी बिजागरीवर खाली वाकवली, आमच्या भाषेत मोडली, की आतली स्प्रिंग दबते, घोडा ओढला की ती सुटते आणि तिच्या जोरावर छर्रा जातो. स्प्रिंग आखूड म्हणजे जोर कमी. आमच्या लेखी तो मोठा गुन्हा होता.

फिटरभाऊकडे त्या जातीची एक अस्सल स्प्रिंग होती. पूर्ण लांबीची, ग्रीस लावून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेली. स्वतःच्या आवडत्या बंदुकीसाठी त्यानं ती कित्येक वर्षं जपली होती आणि मला हातसुद्धा लावू देत नव्हता. दोन दिवस त्यानं विचार केला आणि तिसर्‍या दिवशी ती त्या बाईच्या बंदुकीत बसवली. मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. जुना तुकडा भंगारच्या डब्यात गेला आणि डबा भंगारवाल्याकडे.

बाई बंदूक न्यायला आली तेव्हा फिटरभाऊनं स्वतः नळी मोडली, छर्रा घातला आणि अंगणातल्या तेलाच्या डब्यावर मारला. छर्रा डब्याच्या दोन्ही बाजूंनी आरपार गेला. बाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "लय जोर आला भाऊ." आम्हाला ते कौतुकच वाटलं. आम्ही बंदूक पोत्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून तिच्या हातात दिली.

महाशिवरात्रीला आम्ही दोघं मूल गावावरून मार्कंड्याला गेलो. देवदर्शन हे निमित्त, खरं तर आमची बंदूक चालताना बघायची होती. वैनगंगेकडे उतरणार्‍या वाटेवर, भज्यांच्या दुकानाला लागून तिची पाटी उभी होती. लाल-पिवळे फुगे जवळजवळ सगळे शाबूत होते. आम्ही लांबूनच थांबलो, कारण बाई दस्ता मांडीला टेकवून दोन्ही हातांनी नळी खाली ओढत होती. नळी अर्ध्यावर यायची आणि परत जायची. तिनं उजव्या तळव्याला फडकं बांधलं होतं.

समोर चार-पाच बाया उभ्या होत्या. एकीनं खांद्यावरचं पोर दुसरीकडे दिलं आणि नळी ओढून पाहिली, तिलाही जमेना. हसत हसत त्या पुढे गेल्या. मग दोन तरुण आले, त्यांनी स्वतःच नळी मोडली, स्वतःच छर्रा घातला, चार फुगे फोडले आणि एक जण म्हणाला, "मावशी, तुमच्यानं नाई होत हे, घरच्या कोण्या माणसाले बसवा."  बाईनं पाटीवर नवे फुगे टाचले.

आम्ही जवळ गेलो. "काय झालं बाई?" फिटरभाऊनं विचारलं.

"काई नाई भाऊ. जोर जास्त झाला." मग तिनं विचारलं, "जुनी स्प्रिंग हाय का तुमच्याकडे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मालकानंच कापली होती ते. माहा हात मोडला होता मनगटात, तवा. मले नळी मोडता येत नव्हती तं त्यायनं थोडी थोडी कापली. बाया येतेत आपल्या दुकानावर. बाई बंदूक भरून देते म्हणून येतेत, माणसाच्या दुकानावर नाई जात त्या."

मला कुठे बघावं ते कळेना. ज्याला आम्ही खाटीक म्हणालो होतो, त्यानं बायकोच्या हाताचं माप घेऊन ती स्प्रिंग कापली होती आणि आम्ही ती भंगारात टाकली होती. बंदुकीचा एकेक स्क्रू आम्ही तपासला. ही नळी आता कोण मोडणार, हे तिनं सांगूनही आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. इतकी लाज मला पोस्टात साहेबानं सगळ्यांसमोर झापलं तेव्हाही वाटली नव्हती.

"जुनी नाई राह्यली," फिटरभाऊ म्हणाला. "हेच कापू."

त्या क्षणी माझ्या तोंडावर आलं होतं की थांबा, ही तशीच काढून घेऊ, चंद्रपूरला जाऊन दुसरी साधी स्प्रिंग शोधू, पुढच्या आठवड्यात आणून देऊ. तोवर जत्रा संपली असती. त्याची ती स्प्रिंग वाचावी असं मला त्या बाईसमोर उभं राहून वाटलं, हे आज कबूल करतो. त्याला माझ्या तोंडावरून कळलं असावं. "तू नळी धर," एवढंच तो म्हणाला.

हत्यारं त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत कायम असतात. पाटीच्या मागे गमछा अंथरून आम्ही बसलो. घरी हे काम टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात धरून होतं, इथे शिकंजा म्हणजे मी. अंगाचा सगळा भार टाकून स्प्रिंग दाबून धरली, तरी ती सटकून माझ्या हनुवटीवर बसलीच. त्यानं कानशीनं खाच पाडली, पकडीनं दोन वेढे तोडले. टोक शेजारच्या भजेवाल्याच्या भट्टीत लाल केलं आणि ठोकून चपटं बसवलं. भजेवाला कढई बाजूला ठेवून आमचा तमाशा बघत होता. बंदूक जोडली आणि बाईच्या हातात दिली.

"पाह्य बरं."

तिनं ओढली. नळी अर्ध्याच्या पुढे आली आणि थांबली. ती म्हणाली, "चालते भाऊ, राहू द्या, करीन मी कसं तं."

"नाई चालत," तो म्हणाला आणि पुन्हा उघडायला बसला. आणखी दोन वेढे गेले. पुन्हा भट्टी, पुन्हा जोडणी. या वेळी नळी मोडली, पण तिचे दात आवळले होते. ते त्यानं पाहिलं आणि तिसर्‍यांदा उघडली. कापताना तो माझ्याकडे बघत नव्हता. एकदाच पुटपुटला, "मोडल्या मनगटानं दुकान चालवणार्‍या बाईले आपण काय देऊन राह्यलो होतो."

तिसर्‍या वेळी तिनं तळव्याचं फडकं सोडलं. दस्ता मांडीला लावला आणि एका झटक्यात नळी मोडली. छर्रा बसवला, नळी बंद केली आणि सवयीनं बंदूक आमच्यापुढे धरली.

फिटरभाऊनं हात मागे घेतले. "तुमीच मारा."

"मी कधी मारलीच नाई भाऊ. मी भरून देत होती."

"मंग आज मारा."

तिनं इकडेतिकडे पाहिलं. पोरवाली बाई आपल्या सोबतिणींसह परत येऊन उभी राहिली होती. दुकानवाल्या बाईनं बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ नेम धरला आणि घोडा ओढला. छर्रा फुग्यांच्या मधून जाऊन पाटीच्या फळीत बसला. बाया हसल्या, तीही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"नेम चुकला तं चुकू द्या," ती म्हणाली. "हात पुरला."

मग तिनं नळी पुन्हा मोडली, छर्रा भरला आणि बंदूक त्या पोरवालीच्या हातात दिली.