दासगाव–दासगाव, मार्गे सावित्री

पोलादपूरपासून दासगावपर्यंत कुणालाही विचारा, आमच्या धाकट्या मामांइतका नियमाचा पक्का माणूस सावित्रीकाठी दुसरा झाला नाही. हे मी भाची म्हणून सांगत नाही. भाची म्हणून सांगायचं तर मी ‘हट्टी’ म्हणेन, ‘विक्षिप्त’ म्हणेन, आणि मामी जे म्हणते ते तर इथे छापताच येणार नाही. पण ज्या माणसाने उभी नोकरी एसटी चालवण्यात काढली, तीही पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या घाटात, आणि कधी कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही, त्याचं कौतुक करायला भाचीच कशाला हवी? त्या बाजूच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या अजून सांगतात, की मामा गाडीवर असले की पोटात ढवळत नसे. ज्यांनी त्या घाटात पिशवीत तोंड घालून प्रवास केलाय त्यांना ह्या प्रशस्तिपत्राची किंमत कळेल. मी स्वतः केलाय, म्हणून सांगते.

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, नाहीतर सोसायटीच्या भांडणांत पडतात. मामांनी होडी घेतली. वाळूचा धंदा बंद पडल्यापासून दासगावच्या जुन्या धक्क्याला एक ऐसपैस होडी इंजिन काढलेल्या अवस्थेत लोळत पडली होती. मालकाला ती भंगारात घालायची होती, मामांना तिच्यात राहायचं होतं. घरात ह्यावरून जे महाभारत झालं त्यात मामांचे मुद्दे दोनच. एक, “जलमभर वळणं घेतली, आता सपाट पायजे.” आणि दुसरा, अस्सल महाडकराला गप्प करणारा: “पूर आला की तुमी सामान माळ्यावर चढवता. माजं घरच वर चढंल.” आता महाडात जन्म काढलेल्या माणसाने ह्यावर काय बोलावं? मी शाळेत भूगोल शिकवते, मला तर हा मुद्दा बरोबरच वाटला.

होडीला छप्पर घातलं, खिडक्या बसवल्या, आणि मग मामांनी तिची एसटी केली. भंगारवाल्याकडून चालकाची सीट आणून पुढच्या टोकाला ठोकली. आतून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत घंटीची दोरी टांगली. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. होडी जागची हलणार नव्हती, पण म्हणून घंटी नको असं थोडंच आहे? कपाळावर पाटी लावली, ‘दासगाव–दासगाव, मार्गे सावित्री’. घाटात गाडी उभी केली की चाकामागे दगड लावायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे धक्क्याला दोर बांधून झाला की मामा शेजारी एक चांगला धोंडाही ठेवतात. तो कशासाठी, हे विचारायची सोय नाही. पाहुणा उतरायला निघाला की “गाडी पूर्ण थांबू द्या” म्हणून त्याला धक्क्यावर टाकलेल्या फळीपाशी अडवतात, आणि पाणी जरा संथ झालं की मानेनेच परवानगी देतात. एकदा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई हौसेने होडी बघायला आल्या. मामा सीटवर पेपर वाचत होते. बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, “काय काका, इथे मासे मिळतात का हो?” मामांनी पेपरातून मान न काढता डोक्यावर बोट दाखवलं. तिथे लिहिलं होतं, ‘चालकाशी बोलू नये’. बाईंनी तो राग माझ्यावर काढला, त्या महिन्यात माझे सगळे ऑफ तास गेले.

ह्या गाडीत एकच प्रवासी चढेना, आणि तो म्हणजे मामी. नोकरीत मामा कायम मुक्कामी गाडीवर. गाडी कुठल्यातरी डोंगरातल्या गावात रात्रभर उभी, आणि मामी महाडच्या दोन खोल्यांत एकटी. निवृत्तीनंतर रोज रात्री एकत्र जेवायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं. बिचारीने त्या एका आशेवर संसार केला, आणि निवृत्ती आली तर हा गृहस्थ होडीत मुक्कामाला! मामीने साफ सांगितलं, “पंखा नाय, मिक्सर नाय. मेणबत्तीच्या उजेडात भाकऱ्या थापू का मी? वीज आणा, मी येते. नायतर ऱ्हावा तिकडंच.” कुणीतरी सूर्यावर चालणारा दिवा आणून दिला. मामीने तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, “ह्याच्यावर मिक्सर फिरंल?” दिवा परत गेला. मामा आपले करपलेलं पिठलं खाऊन दिवस काढत होते, वाळले होते, पण तोंडाने काही बोलतील तर शपथ. फक्त खिडकीजवळची एक बैठक त्यांनी रंगवून घेतली आणि वर अक्षरं काढली, ‘महिलांसाठी राखीव’. तिथे ते मलासुद्धा बसू देत नसत. मीही महिलाच आहे, असं मी एकदा म्हणून बघितलं. “तू भाची,” म्हणाले.

मग सुरू झाला वीज आणायचा उद्योग. वीज कार्यालयातले साहेब भला माणूस. पत्ता काय, तर सावित्री नदी, हे ऐकूनही त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. मीटर काठावरच्या खांबावर बसवू, म्हणाले, तिथून पुढे होडीपर्यंत तुमची तुम्ही वायर न्या. अडचण एवढीच होती, की वीज थांबत होती रस्त्यापाशी, आणि रस्ता आणि धक्का ह्यांच्यामध्ये होती आमच्या थोरल्या मामांची नारळाची बाग. रस्त्यारस्त्याने वळसा घालून आणायची तर पाच खांब आणि त्याचा खर्च होडीच्या किमतीला मागे टाकणारा. बागेतून सरळ आणायची तर एक खांब, थोडी वायर, आणि थोरल्या मामांचा होकार. आता तुम्हीच सांगा, वळणांना कंटाळून होडी घेतलेला माणूस काय म्हणेल? मामा म्हणाले, “वळसा घालून आणू.” मामीने महाडहून निरोप धाडला, “फंडाचे पैशे नदीत घालायचे तर आधी मला घाला.”

ह्याचं कारण सांगायला हवं. थोरले मामा म्हणजे मामांचे सख्खे थोरले भाऊ. ह्यांना अंगाखांद्यावर खेळवलेले. कितीतरी वर्षांपूर्वी, वैशाखातल्या एका दुपारी, थोरले मामा डोक्यावर हा एवढा फणस घेऊन आपल्या पाणंदीच्या तोंडाशी उभे होते. फणस आमच्याकडे महाडला द्यायचा होता. त्या दिवशी मामांची पाळी माणगाव–महाड गाडीवर. भावाची गाडी दिसल्यावर थोरल्या मामांनी एका हाताने फणस सावरत दुसरा हात वर केला. दासगावचा थांबा तिथून पुढे होता. मामांनी भावाकडे बघितलं, फणसाकडे बघितलं, आणि गाडी पुढे काढली. गाडीत निम्मा गाव होता! संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, की भावाने भावाला फणसासकट रस्त्यात टाकलं. मामांचं म्हणणं तेव्हा एका वाक्यात होतं आणि पुढेही तेवढंच राहिलं, “तिथं थांबा नाय.” थोरल्या मामांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. गणपतीच्या आरतीला दोघं एकाच घरात दोन भिंतींना टेकून उभे राहायचे आणि प्रसाद माझी आई मध्ये उभी राहून दोघांना द्यायची. मला दोघांचाही इतका संताप यायचा, की तो फणस मिळाला असता तर मी दोघांच्या डोक्यात घातला असता.

आणि मग एका रविवारी मामी होडी बघायला आली. दिवसाउजेडी आली, राखीव जागेवर बसली, पदराने वारा घेत नदी बघत राहिली. चेहरा खुलला होता तिचा, मी पाहिलं ना. उन्हं उतरली तशी उठली. “दिवे लागायच्या आत घरी पोचवा मला,” म्हणाली. मामांनी तिला रिक्षात बसवून दिलं आणि रिक्षा वळणाआड गेली तरी तिथेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना बघते तर फाटकाशी मामा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. “चल गो,” म्हणाले, “कंडक्टर पायजे.”

थोरल्या मामांच्या बागेच्या कवाडीबाहेर जाऊन मामा उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. हाक नाही, खाकरणं नाही. थोरले मामा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांनी बघितलं, आणि पुन्हा सुपारीत डोकं घातलं. बराच वेळ झाला, अंधारून आलं, मच्छर फोडून काढायला लागले. मी म्हटलं, “मामा, अहो कवाडी उघडीच आहे, आत चला.” तर मान हलवून नाही म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी परत तेच. लोक येता-जाता थांबून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, शाळेतल्या दोन मुलींच्या आया होत्या त्यांच्यात! त्यानंतरच्या संध्याकाळी मामांनी डाव्या हाताने उजव्या हाताला आधार दिला, पण तो खाली घेतला नाही. पडवीतून आवाज आला.

“हात खाली घे रे. खांदा धरंल.”

मामांनी हात तसाच ठेवला.

“हितं थांबा हाय का?” थोरल्या मामांनी विचारलं. एवढी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य असावं ते.

“नाय,” मामा म्हणाले.

“मंग?”

“विनंती हाय, दादा.”

माझ्या मामांना हा शब्द येतो हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांपुढे, डेपोत, दवाखान्यात, कुठेही ज्याने कधी कुणापुढे मान वाकवली नाही तो माणूस शर्टाला इस्त्री करून भावाच्या दारात हात वर करून उभा होता, आणि कशासाठी, तर बायकोचा मिक्सर फिरावा म्हणून. मला रडू आलं, आणि छाती अशी भरून आली, की बघ्यांपैकी कुणी हसलं असतं तर मी तिथल्या तिथे त्याला धरलं असतं. थोरले मामा सुपाऱ्या बाजूला सारून उठले. कवाडीपर्यंत आले. स्वतःच्या हाताने त्यांनी मामांचा वर केलेला हात धरून खाली आणला. “आत ये,” म्हणाले, “फणस नाय घरात. च्या घे.”

खांब उभा राहिला. वायर ओढायला आला डोंगरावरच्या कुडपणचा एक वायरमन, कामाला चोख, हात सफाईचा. भर दुपारी भरतीच्या वेळी त्याने खांबापासून होडीपर्यंत अशी ताठ वायर बांधली, की बघत राहावं. मामी रिक्षातून मिक्सर मांडीवर घेऊन आली. मामांनी फळीपाशी उभं राहून “पुढे सरका” म्हटलं, मागे कुणी नव्हतं तरी. ती राखीव जागेवर बसली, डोक्यावर पंखा फिरला, आणि तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर खोबऱ्याची चटणी लावली. इकडे ओहोटी लागलेली. होडी उतरत चालली, वायर ताणत चालली, आणि मामी भांड्याचं झाकण दाबून धरते न धरते तोच भिंतीवरचा बोर्ड खिळ्यांसकट उपटून आला, खटका पडला आणि सगळं बंद. मामी जे बोलली तेही छापण्याजोगं नाही. काठावरून थोरले मामा ओरडत आले, “अरे येड्यांनो, पानी उतरतं! ढील कुठं ठेवलीत?” वायरमन डोकं खाजवत उभा. “आमच्या कुडपणात पानी नुस्तं खाली जातं,” म्हणाला, “परत वर येत नाय.” शेवटी थोरल्या मामांनीच दोन बांबू रोवून, वायरला मोठा झोळ देऊन, होडीला वरखाली व्हायला जागा करून दिली. चटणी त्या रात्री अर्धवटच वाटलेली होती, पण दोन्ही मामा, मामी आणि मी, आम्ही चौघांनी ती भाकरीबरोबर पुसून खाल्ली.

आता येणारा-जाणारा मामांना हटकून विचारतो, “होडीला वीज घ्यायला किती खर्च आला हो?” मामा डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवतात. मला विचाराल तर मला माहीत आहे तो खर्च, मी कंडक्टर होते. आणि दोघांनी एवढी वर्षं फुकट घालवली ह्याचा मला अजून राग येतो, तोही सांगून टाकते. थोरल्या मामांना आता डोळ्यांनी धड दिसत नाही, समोरचा माणूस आवाजावरून ओळखतात.

विजेच्या त्या खांबावर मामांनी स्वतः पिवळा रंग देऊन काळी अक्षरं काढली आहेत, ‘विनंती थांबा’. हात दाखवला तरच गाडी थांबते, असा एसटीचा असतो तो. रोज संध्याकाळी थोरले मामा काठी टेकत बागेतून येतात. फळी समोर असते, सरळ होडीत यावं. पण नाही, खांबाखाली उभे राहतात आणि हात वर करतात. आत मामी दोरी एकदा ओढते. मामा पेपर बाजूला ठेवतात, आणि जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे पाय दाबून, जागची न हललेली होडी थांबवतात.